मोफत वर्गात शेजारी कोण?

पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावरची गोष्ट. अंगणवाडीच्या भिंतीला टेकून अकरा दिवसांची बाळंतीण बसली होती. समोर डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल, आणि त्यावर बाळाला अंगावर पाजताना कसं धरावं याचा व्हिडिओ. ज्या बाजूला पाजायचं त्याच्या विरुद्ध हाताने बाळाला पेलायचं, कानांमागे मानेला बोटांचा आधार द्यायचा, नाक बोंडासमोर आणायचं आणि त्याने मोठा आ वासला की हनुवटी आधी टेकेल अशा बेताने जवळ घ्यायचं, म्हणजे नुसतं बोंड नव्हे, खालचा काळसर भागही तोंडात जातो. बाळंतिणीने मन लावून पाहिलं, मान हलवली आणि बाळाला नेहमीसारखंच धरलं. अंगणवाडीताईंनी व्हिडिओ थांबवला, तिच्या कोपराखाली हात घालून कोपर दोन बोटं आत सरकवलं आणि व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला बाळ गटागटा प्यायला लागलं.

हा व्हिडिओ पवईचा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातल्या आरोग्यमालिकेत तो तयार झाला. मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे आणि कुणालाही फुकट पाहता येतो. पवईतली गोष्ट पाड्यापर्यंत पोचली याचं कौतुक आहेच. पण माझ्या डोक्यात घोळत राहिलं ते ताईंचं दोन बोटं कोपर सरकवणं. या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला मी होकार दिला तोही त्या कोपरामुळेच.

मोफत ऑनलाइन शिक्षणाच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने आधी दोन शब्दांतला फरक ध्यानात घ्यावा. ‘फुकट’ म्हणजे पैसे पडत नाहीत, एवढंच. ‘खुलं’ म्हणजे ते साहित्य उतरवून घ्यायची, वाटायची, त्याचं भाषांतर करायची, गरजेप्रमाणे बदलायची परवानगी आधीच दिलेली आहे. यूट्यूबवरचा एखादा उत्तम धडा फुकट असतो. पण त्यावर मराठी आवाज चढवून तो जिल्हा परिषदेच्या शाळेत लावायचा, तर मालकाला विचारावं लागतं. हा अडसर काढायला २००२ साली क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले, आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधनं’ हे नाव रूढ झालं. नाव जड आहे, कल्पना साधी: एकाने शिजवलेलं दुसऱ्याने आपल्या चवीचा मसाला घालून वाढावं.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढलं ते शाळेबाहेरच्या माणसाला भूगोल आणि विज्ञान मराठीत मिळावं म्हणून. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला हा तर उघडा वर्गच. यावं, बसावं, ऐकावं, पटलं नाही तर घरी जाताना भांडावं. तर्कतीर्थांच्या विश्वकोशाचे खंड आता घरबसल्या वाचता येतात. आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं तेव्हा ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतानाच त्याने गावोगावी अभ्यासकेंद्रं आणि तिथे बसणारे समंत्रक नेमले. पुस्तक घरी येईल, पण अडलं तर रविवारी कुणाकडे तरी जाता आलं पाहिजे, हे त्या रचनेत गृहीत होतं.

या परंपरेतला सगळ्यात बोलका प्रयोग मात्र फारसा कुणाच्या स्मरणात नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं उभी केली. मूळ कल्पना कॅनडातली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी पंधरा-वीस माणसं रेडिओभोवती बसायची, शेती-आरोग्यावरचा कार्यक्रम ऐकायची, मग त्यावर चर्चा व्हायची. मंडळाचा चिटणीस प्रश्न लिहून केंद्राकडे धाडायचा आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने या प्रयोगाची तपासणी केली. तिच्यासाठी पॉल न्यूराथ यांनी तीन प्रकारची गावं निवडली: मंडळं असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि दोन्ही नसलेली. मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत ठळक भर पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारशी दिसली नाही. आवाज तोच होता, कार्यक्रमही तोच.

पुढची कितीतरी वर्षं, कोट्यवधी डॉलर खर्चून, जगाने हाच धडा पुन्हा गिरवला.

एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने जाहीर केलं की आपल्या सगळ्या अभ्यासक्रमांची टिपणं, गृहपाठ, प्रश्नपत्रिका आम्ही इंटरनेटवर मोकळ्या टाकणार. इतर विद्यापीठं दूरशिक्षणातून पैसा कसा करता येईल याचा हिशेब मांडत होती, तेव्हाची ही गोष्ट. २००७ पर्यंत जवळजवळ अठराशे अभ्यासक्रम आले. गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणिताची व्याख्यानं अभियांत्रिकीच्या किती पिढ्यांनी पाहिली असतील याची गणती नाही. खडू, फळा आणि ‘आता बघा हं काय होतं’ अशा सुरातला एक प्रेमळ म्हातारा. एमआयटीची भूमिका मात्र ग्रंथालयाची होती. पुस्तकं मांडली आहेत, या आणि वाचा. शंका विचारायची सोय नाही, प्रमाणपत्र नाही.

दुसरी वाट कॅनडातून निघाली. २००८ साली जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी मॅनिटोबा विद्यापीठाचा एक अभ्यासक्रम साऱ्या जगाला खुला केला. शुल्क भरणारे विद्यार्थी पंचवीस, फुकट सामील झालेले बावीसशेच्या वर. ज्ञान एका माणसाच्या डोक्यात साठत नाही, ते माणसामाणसांतल्या दुव्यांत असतं, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून सगळ्यांनी आपापल्या जागी लिहायचं आणि एकमेकांचं वाचायचं. ‘मूक’ (मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स) हे आद्याक्षरी नाव याच अभ्यासक्रमामुळे जन्मलं. मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते पुढे खरंच ठरलं.

कारण २०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्डमधल्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गाला एक लाख साठ हजार जणांनी नावं नोंदवली आणि नाव तेच ठेवून कल्पना उलटी झाली. वर एक नामवंत प्राध्यापक, खाली मुका लाखांचा जमाव. २०१२ मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स निघाल्या. एडएक्सच्या पहिल्या अभ्यासक्रमाला, आयआयटी मद्रासमधून शिकून गेलेल्या अनंत अगरवाल यांच्या सर्किट्सच्या वर्गाला, एक लाख पंचावन्न हजार जण आले; उत्तीर्ण झाले सात हजारांच्या थोडे वर. या दोन आकड्यांवर तेव्हापासून वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, पंच्याण्णव टक्के गळती म्हणजे फजिती. दुसरी म्हणते, सात हजार विद्यार्थी शिकवायला एका प्राध्यापकाला किती जन्म लागले असते?

मला यातला पहिला आक्षेप अर्धाच मान्य आहे. वाचनालयातून पुस्तक आणून दोन प्रकरणं वाचून परत करणाऱ्याला कुणी नापास म्हणत नाही. खरी अडचण कोण गळतो याची आहे. जस्टिन राइश आणि होसे रुईपेरेझ-व्हॅलिएन्टे यांनी एमआयटी-हार्वर्डच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं, की नोंदणी करणाऱ्यांतले निम्म्याहून अधिक पहिला धडाही उघडत नाहीत, पुरं करण्याचं प्रमाण वर्षांमागून वर्षं गेली तरी सुधारलं नाही, आणि वाढ झाली ती मुख्यतः सुखवस्तू देशांतून. म्हणजे ज्याला आधीच पदवी आहे, वेळ आहे, घरात स्वतंत्र खोली आहे, तो शिकला. २०२१ मध्ये ना-नफा म्हणून निघालेली एडएक्स ऐंशी कोटी डॉलरला एका कंपनीने घेतली आणि २०२४ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. एकेकाळचे फुकट धडे हळूहळू पैशांच्या दाराआड गेले ते याच वर्षांत.

आपल्याकडची वाट सरकारी आहे, आणि नाकं मुरडणाऱ्यांना वाटतं त्यापेक्षा बरी आहे. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीने २००३ पासून एनपीटेल उभं केलं. जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आलं. शिकणं फुकट; परीक्षेला प्रत्यक्ष केंद्रावर जायचं, त्याचं तेवढं शुल्क. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये पदवीचे चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक इथून घ्यायला मुभा दिली. ही मुभा दुधारी आहे. लहान गावातल्या महाविद्यालयाला न परवडणारा विषय मुलांना मिळतो. आणि रिक्त प्राध्यापकाची जागा न भरायला संस्थाचालकाला निमित्तही मिळतं.

स्पोकन ट्युटोरियलची गोष्ट मला या सगळ्यात वेगळी वाटते. त्यातल्या संगणकाच्या धड्यांत पडद्यावरची अक्षरं इंग्रजीच ठेवतात, फक्त बोलणं मराठी, कन्नड किंवा आसामी होतं. कारण साधं: नोकरीत समोर येणारं सॉफ्टवेअर इंग्रजीतच असणार. आणि पडद्याचे दोन भाग करायचे. एकात धडा, दुसऱ्यात स्वतः करून पाहायचं. शिकणारा कुठे अडखळेल याचा विचार करून बेतलेली रचना अशी दिसते.

आरोग्य, विज्ञान, राजकारण आणि पर्यावरण ही चार क्षेत्रं एकाच पुस्तकात का, असं वाचक विचारेल. माझं उत्तर असं, की मोफत ऑनलाइन शिक्षणाबद्दल सरसकट बोलणं हीच आजवरची चूक आहे. या चारही ठिकाणी शिकण्याची जात निराळी.

विज्ञान हे जिन्यासारखं. पायरी चुकली की वरचं काही कळत नाही. पण हात लावून पाहता आलं तर तोल सावरतो. अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीचे आकार केले, तेव्हा इंटरनेट नव्हतं. पुण्याच्या आयुकामधल्या विज्ञान शोधिकेत ही खेळणी चित्रफितींत आली आणि मराठीसह कित्येक भाषांत मोकळी झाली. दोन रुपयांचा माल, पण तीन काड्यांचा त्रिकोण दाबून दबत नाही आणि चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो, हे बोटांना एकदा कळलं की इमारतीच्या कैच्या आणि पुलाचे सांगाडे आपोआप उलगडतात. याच्या पुढची पायरी म्हणजे शिकणाऱ्याने खऱ्या संशोधनात हात घालणं. २००७ मध्ये ‘गॅलेक्सी झू’वर आकाशगंगांची वर्गवारी करणाऱ्या हॅनी व्हॅन आर्केल या डच शाळाशिक्षिकेला एक अनोळखी निळसर ढग दिसला आणि खगोलशास्त्रज्ञ धावले. आपल्याकडे खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं घेऊन विद्यार्थ्यांना दीर्घिका शोधायला बसवणारा ‘रॅड अ‍ॅट होम’ उपक्रम २०१३ पासून चालू आहे.

आरोग्यात जिना नाही, पण धोका आहे. चुकीचं गणित वहीत राहतं, चुकीचा सल्ला पोटात जातो. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मधुमेह मुळापासून घालवणारा काढाही फुकटच येतो. म्हणून इथे पहिला प्रश्न ‘काय सांगितलं’ हा नसून ‘कोण सांगतंय, आणि चुकलं तर कुणाला धरायचं’ हा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये साथीच्या काळासाठी खुला शिक्षणमंच काढला होता. जानेवारी २०२० मध्ये नव्या विषाणूवरचा धडा त्यावर काही दिवसांत आला, तो ही यंत्रणा आधीच उभी होती म्हणून. मराठीत डॉ. शाम अष्टेकरांचं ‘भारतवैद्यक’ आहे, डॉक्टर हाताशी नसलेल्या गावाला समोर ठेवून लिहिलेलं.

राजकारणाच्या शिक्षणाबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. हार्वर्डच्या मायकेल सँडल यांचा ‘जस्टिस’ हा वर्ग २००९ पासून सगळ्यांना पाहता येतो. सभागृह गच्च भरलेलं, ट्रामखाली पाचांना मरू द्यावं की एकाला, यावर मुलं भांडतात. बघायला मजा येते, बघावाच. पण आपला अस्सल वर्ग आपल्याकडेच पडून आहे. संविधान सभेतली चर्चा शब्दन् शब्द मोकळी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले खंड उतरवून घेता येतात. आणि २७ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचं कामकाज पहिल्यांदा थेट दिसायला लागलं, त्या दिवशीच्या प्रकरणांत शिवसेनेच्या फुटीचा वादही होता. पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट, अध्यक्षांचे अधिकार, पक्ष कुणाचा. पाठ्यपुस्तकातलं एक रुक्ष पान पानटपरीवर चर्चेला आलं. किती महाविद्यालयांनी त्या दिवशी राज्यशास्त्राचा तास तिकडे वळवला? मी विचारलेल्या ठिकाणी तरी एकानेही नाही.

पर्यावरणात तर ज्ञान कुणाच्या हातात राहावं हाच झगडा आहे. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर केला. तो लोकांपुढे यायला माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. मे २०१२ मध्ये तो संकेतस्थळावर आला, इंग्रजीत. ज्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या ग्रामसभांनी त्यावर बोलावं असं गाडगीळांना वाटत होतं, त्यांच्यापर्यंत अहवालाआधी अफवा पोचल्या. उलट बाजूला पाणी फाउंडेशनचं उदाहरण. २०१६ पासूनच्या ‘वॉटर कप’ या जलसंधारणाच्या स्पर्धेत चित्रफिती होत्या, अ‍ॅप होतं, पण गावातून निवडलेल्या माणसांना आधी शिबिरात नेऊन, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवत सलग समतल चराची रेषा आखायला लावलं. परत आल्यावर त्यांनी गावाला शिकवलं. पुण्याच्या १९५६ च्या श्रोतामंडळांचीच ही नातवंडं म्हणायची.

आज हे पुस्तक यावं याची कारणं या सगळ्यात विखुरलेली आहेतच. आणखी दोन सांगते. पहिलं, शोधनिबंधांची दारं. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेखाली १ जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना हजारो नियतकालिकं वाचता येऊ लागली; तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये. करदात्याच्या पैशाने घेतलेलं हे वाचन संस्थेत नाव असलेल्याला मिळतं; गावातल्या निवृत्त शिक्षिकेला किंवा खासगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला नाही. दुसरं, यंत्रभाषांतर. आता कुठलाही इंग्रजी धडा क्षणात मराठी होतो, असं सांगतात. वीजघटाच्या धड्यात ‘सेल’ची ‘पेशी’ झालेली मी स्वतः पाहिली आहे. मोठ्याला हसू येईल. सातवीतल्या मुलीला टॉर्चमध्ये जीव असतो असं वाटेल. यंत्राने कच्चं काम करावं, माझी हरकत नाही. पण मराठीतून विषय शिकवलेल्या माणसाने ते वाचून पुढे सोडावं, आणि त्या कामाचे त्याला पैसे मिळावेत. फुकट धडे फुकट तयार होत नसतात.

शिवाय फोनचा प्रश्न मिटला असंही कुणी समजू नये. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या जेमतेम पंधरा टक्के घरांत इंटरनेट होतं. तेव्हापासून चित्र पुष्कळ पालटलं, पण घरात एक फोन आणि तो बाबांच्या खिशात, ही अनेक मुलींची आजचीही स्थिती आहे.

या संग्रहातले लेख शिक्षक, आरोग्यसेविका, वकील, शेतकरी आणि काही एकलव्यछाप स्वयंशिक्षितांनी लिहिले आहेत. संकेतस्थळांची जंत्री देणं हा त्यांचा हेतू नाही. आपण काय शिकायला बसलो, कुठे अडलो, तेव्हा शेजारी कोण होतं, हे त्यांनी सांगितलं आहे. काही लेखक एकमेकांच्या विरोधात जातात. स्वयम् वर दोघांची मतं तर भांडण म्हणावं इतकी निराळी आहेत, आणि संपादकांनी त्यांची दिलजमाई केली नाही, हे मला आवडलं. एक उणीव सांगायला हवी: अंध आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या अनुभवावर इथे एकच लेख आहे, आणि तो छोटा आहे.

सलग वाचायचं हे पुस्तक नाही. ज्याला पोट बिघडल्यावर गूगल करायची सवय आहे त्याने आरोग्यापासून सुरुवात करावी, ज्याची विहीर फेब्रुवारीतच आटते त्याने शेवटच्या भागापासून. शक्य असेल तर चार जणांत वाचावं. अंगणवाडीचा ओटा चालेल, बचतगटाची बैठक चालेल, एसटीची वाट पाहतानाचा फलाटही चालेल. लेखांमध्ये दिलेले काही दुवे तुम्ही उघडाल तोवर बंद पडलेले असतील. असा दुवा सापडला तर प्रकाशकांना एका ओळीचं पत्र टाका. पुढच्या आवृत्तीत तो बदलू.